विंडोजचं फाइल एक्सप्लोरर रोजच्या वापरासाठी सोयीचं कसं करावं

"पीडीएफ डाउनलोड तर केली, पण गेली कुठे?" नव्याने संगणक वापरणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. फाइल बहुतेक वेळा हरवलेली नसते. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो समोर नसतो, किंवा समोर असूनही तिथली मांडणी अशी असते की ती नजरेला पडत नाही. पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, पिवळ्या फोल्डरचं चित्र असतं, ते फाइल एक्सप्लोरर. बरेच जण ते जसं मिळालं तसंच वर्षानुवर्षं वापरतात. पण त्यातल्या काही कामाच्या गोष्टी मुळातच लपवलेल्या असतात आणि आपल्याला न लागणाऱ्या काही गोष्टी पुढे केलेल्या असतात.

रंग, थीम, फोल्डरची सुंदर चित्रं हे सगळं नंतर. आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे, कधीची आहे, केवढी आहे आणि कुठे ठेवली आहे हे एका नजरेत दिसलं पाहिजे. खाली सांगितलेला जवळजवळ प्रत्येक बदल त्यासाठीच आहे आणि त्यातल्या बहुतेकांसाठी नवीन काही बसवावं लागत नाही.

पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. मेनूची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच, फक्त देवनागरीत दिली आहेत. विंडोज १० मध्येही यातलं बरंचसं आहे, फक्त ते वरच्या पट्टीतल्या 'व्ह्यू' टॅबखाली शोधावं लागेल. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, हेही लक्षात असू द्या. सुरुवातीला विंडोजची कळ दाबून ठेवून 'ई' दाबा, एक्सप्लोरर उघडेल.

फाइलचं आडनाव दिसू द्या

एकच बदल करणार असाल तर हाच करा. प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि काही अक्षरं असतात: पीडीएफ, जेपीजी, डॉक्सएक्स, ईएक्सई. यालाच एक्स्टेंशन म्हणतात. विंडोज ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेंशन्स मुळात लपवून ठेवतं. ती दाखवण्यासाठी वरच्या पट्टीतल्या 'व्ह्यू'वर क्लिक करा, यादीच्या तळाशी 'शो'वर जा आणि 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर खूण करा. झालं.

यात सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणून मी इतका आग्रह धरतो. समजा ईमेलमधून 'लग्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल आली. एक्स्टेंशन लपलेलं असेल तर तुम्हाला फक्त 'लग्नपत्रिका.पीडीएफ' दिसेल आणि तुम्ही निर्धास्तपणे डबल-क्लिक कराल. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम असतो. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन असल्याचं भासवून एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल) पाठवण्याची फसवणूक चालते, तिच्याच जातीची ही युक्ती. कोणी पत्रिका, बिल, पावती किंवा फोटो म्हणून काही पाठवलं आणि शेवटी ईएक्सई, एससीआर, बीएटी किंवा जेएस दिसलं, तर ती फाइल उघडायची नाही. आधी पाठवणाऱ्याला फोन करायचा.

दुसरा उपयोग अर्ज भरताना होतो. भरतीचा, शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज म्हणतो 'फक्त जेपीजी चालेल' आणि आयफोनवरून आलेला फोटो असतो एचईआयसी प्रकारचा. एक्स्टेंशन दिसत असेल तर अर्ज का अडला ते लगेच कळतं. मात्र नाव बदलताना शेवटची अक्षरं खोडून तिथे जेपीजी लिहिल्याने फोटोचा प्रकार बदलत नाही. त्यासाठी फोटो 'पेंट'मध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी निवडावं लागतं. आयफोनचा फोटो तिथे उघडत नसेल, तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमधल्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपीजीच निघतील.

उघडल्यावर समोर काय असावं

विंडोज ११ मध्ये एक्सप्लोरर 'होम'वर उघडतं. तिथे अलीकडे उघडलेल्या फाइल्स दिसतात. एकट्याच्या संगणकावर ते ठीक आहे. पण घरातला संगणक चौघं वापरत असतील किंवा दुकानातला संगणक गिऱ्हाइकांसमोर उघडावा लागत असेल, तर आपण काल काय पाहिलं ते सगळ्यांना दिसण्याची गरज नाही.

वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स' उघडा. 'जनरल' टॅबमध्ये सगळ्यात वर 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' असं लिहिलेलं असेल, तिथे 'धिस पीसी' निवडा. त्याच टॅबमध्ये खाली 'प्रायव्हसी' भागात अलीकडच्या फाइल्स आणि वारंवार वापरलेले फोल्डर दाखवण्याच्या खुणा आहेत, त्या काढा. शेजारच्या 'क्लिअर' बटणाने आधीची नोंद पुसली जाते. यात मूळ फाइल्सना धक्का लागत नाही, फक्त यादी रिकामी होते.

डावीकडची पट्टी

डावीकडे वरच्या बाजूला 'क्विक ॲक्सेस'चे पिन केलेले फोल्डर असतात. ही जागा मोलाची आहे, कारण कोणत्याही फोल्डरमध्ये असलात तरी ती समोरच असते. तरीही तिथे बहुतेक वेळा 'म्युझिक' आणि 'व्हिडिओज' असे वर्षभरात न उघडलेले फोल्डर पडलेले असतात. नको असलेल्यावर राइट-क्लिक करून 'अनपिन फ्रॉम क्विक ॲक्सेस' निवडा. फोल्डर डिस्कवर जिथल्या तिथे राहतो. मग ज्या फोल्डरमध्ये रोज जावं लागतं त्यावर राइट-क्लिक करून 'पिन टू क्विक ॲक्सेस' करा. माउसने ओढून क्रम लावता येतो, सगळ्यात जास्त लागणारा वर ठेवा. पाच-सहाच्या वर नेऊ नका, नाहीतर त्या यादीतही शोधाशोध सुरू होईल.

याच पट्टीतल्या रिकाम्या जागी राइट-क्लिक केलंत तर 'एक्सपँड टू करंट फोल्डर' असा पर्याय दिसेल. तो चालू करा. उजवीकडे तुम्ही जसजसे आत जाल, तसतशी डावीकडची फांदी आपोआप उघडत जाते आणि आपण नेमके कोणत्या फोल्डरच्या पोटात आहोत ते कळतं. नव्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो, म्हणून हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता असं मला वाटतं.

यादी कशी मांडावी

मोठ्या चित्रांची मांडणी फोटोंसाठी चांगली. कागदपत्रांसाठी ती निरुपयोगी आहे, कारण सगळ्या पीडीएफ सारख्याच दिसतात. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये 'व्ह्यू'मधून 'डिटेल्स' निवडा. कीबोर्डवरून कंट्रोल, शिफ्ट आणि ६ दाबलं की हीच मांडणी येते. कंट्रोल, शिफ्ट आणि २ दाबलं की मोठी चित्रं परत येतात. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं तरी मांडणी टप्प्याटप्प्याने बदलते.

डिटेल्समध्ये नाव, तारीख, प्रकार आणि आकार असे रकाने येतात. रकान्याच्या मथळ्यावर एकदा क्लिक केलं की यादी त्यानुसार लागते, पुन्हा क्लिक केलं की उलट लागते. 'डेट मॉडिफाइड'वर क्लिक करून सगळ्यात नवी फाइल वर आणा, आत्ता डाउनलोड केलेली पावती पहिल्याच ओळीत असेल. आकाराचा रकानाही वापरा. 'फोटो ५० केबीच्या आत हवा' असं अर्जात लिहिलेलं असतं, तो आकडा इथेच दिसतो. मथळ्यावर राइट-क्लिक केल्यास आणखी रकाने जोडता येतात. फोटोंसाठी 'डेट टेकन' जरूर जोडा, कारण फोटो काढल्याची तारीख आणि फाइल बदलल्याची तारीख वेगवेगळी असू शकते. नावं अर्धवट दिसत असतील तर दोन मथळ्यांमधल्या रेषेवर डबल-क्लिक करा, रकाना नावाइतका रुंद होईल.

डाउनलोड्स फोल्डरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे यादी 'टुडे', 'यस्टरडे', 'लास्ट वीक' अशा गटांत तुटलेली असते. काहींना ती आवडते. पण नावाने लावलेली सलग यादी हवी असेल तर हे गट आड येतात. 'सॉर्ट'वर क्लिक करून 'ग्रुप बाय' उघडा आणि 'नन' निवडा.

आता हीच मांडणी प्रत्येक फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा करायला नको. एका साध्या फोल्डरमध्ये सगळं मनासारखं लावा, तिथूनच तीन टिंबं, मग 'ऑप्शन्स', मग 'व्ह्यू' टॅब आणि तिथलं 'अप्लाय टू फोल्डर्स' हे बटण दाबा. हा बदल त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतो. विंडोज फोल्डरांचे पाच प्रकार मानतं: सर्वसाधारण, कागदपत्रं, चित्रं, संगीत आणि व्हिडिओ. एखादा फोल्डर ऐकत नसेल तर विंडोजने त्याला भलत्या प्रकारात टाकलं असण्याची शक्यता आहे. त्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'कस्टमाइज' टॅबमध्ये 'जनरल आयटम्स' निवडा आणि खालच्या चौकोनात खूण करून आतल्या फोल्डरांनाही तेच लागू करा. शेकडो फाइल्सचा एखादा फोल्डर उघडायला फार वेळ घेत असेल, तर त्यावरही आधी हाच उपाय करून बघा.

ओळी फार दूर दूर वाटत असतील तर 'व्ह्यू'मध्ये 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' आहे. आई-वडिलांसाठी किंवा टचस्क्रीनसाठी संगणक लावून देत असाल तर तो बंदच ठेवा आणि 'शो'मधून 'आयटम चेक बॉक्सेस' चालू करा. कंट्रोल दाबून एकेक फाइल निवडण्यापेक्षा चौकोनात खूण करणं त्यांना सोपं जातं.

न उघडता बघा

दहा स्कॅन केलेल्या फाइल्स आहेत आणि त्यातलं आधार कार्ड कोणतं ते आठवत नाही. प्रत्येक उघडून बंद करण्यापेक्षा ऑल्ट आणि पी दाबा. उजवीकडे प्रिव्ह्यू पेन, म्हणजे फाइलची झलक दाखवणारा भाग, उघडेल. आता खालच्या बाणाने एकेक फाइलवरून सरकत जा, आतला मजकूर शेजारी दिसत राहील. पुन्हा ऑल्ट आणि पी दाबलं की पेन बंद.

ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइल्सचा प्रिव्ह्यू विंडोज दाखवत नाही, तिथे धोक्याची सूचना येते. संगणक बिघडलेला नाही. फाइल खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल तर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक'वर खूण करून 'ओके' म्हणा. खात्री नसेल तर ती सूचना योग्यच आहे, तिला हात लावू नका.

नावं नीट द्या

फाइलचं नाव 'स्कॅन ०००३' असेल तर एक्सप्लोरर कितीही छान लावा, काही उपयोग नाही. माझा नियम साधा आहे: आधी तारीख, मग कोणाचं, मग काय. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहायची, म्हणजे '२०२५-०६-१४ आई रक्ततपासणी'. असं लिहिलं की नावाने लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतील. महिना आणि दिवस नेहमी दोन आकडी ठेवा. अंक देवनागरी वापरा किंवा इंग्रजी, पण एका घरात एकच पद्धत ठेवा.

नावात काही चिन्हं चालत नाहीत: तिरक्या दोन्ही रेघा, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठ्याच्या खुणा आणि उभी रेघ. म्हणून शेतीच्या उताऱ्याला '७/१२' असं नाव द्यायला गेलात तर विंडोज नकार देईल. 'सातबारा' असं अक्षरी लिहा, पुढे गावाचं नाव आणि गट क्रमांक टाका. आठ-अ, फेरफार आणि सातबारा एकाच गट क्रमांकाने सुरू केलेत तर यादीत शेजारी शेजारी येतील. हे मी विशेष करून सांगतो, कारण तलाठी कार्यालयात किंवा बँकेत समोर कोणी थांबलेलं असताना उतारा सापडत नाही, तेव्हा फार ओढाताण होते.

फाइलला मराठीत नाव द्यायला विंडोजची काहीच हरकत नसते आणि घरच्या वापरासाठी मी तेच सुचवेन. फक्त काही संकेतस्थळं अपलोड करताना देवनागरी नाव स्वीकारत नाहीत. अर्जासाठी लागणाऱ्या प्रतींना तेवढं छोटं इंग्रजी नाव ठेवा.

नाव बदलायला एफ२ दाबा. नाव लिहून झाल्यावर एंटरऐवजी टॅब दाबलात तर थेट पुढच्या फाइलचं नाव बदलायला मिळतं. सहलीचे साठ फोटो असतील तर सगळे निवडून एफ२ दाबा आणि 'रायगड' लिहून एंटर करा. सगळ्यांना 'रायगड', आणि पुढे कंसात एक, दोन, तीन अशी नावं मिळतील.

शोध

उजवीकडे वर शोधाची चौकट असते. ती समोर उघडलेल्या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आतल्या फोल्डरांत शोधते, म्हणून आधी योग्य फोल्डरमध्ये जा. शोध सुरू झाल्यावर वरच्या पट्टीत 'सर्च ऑप्शन्स' येतं. त्यातून तारीख, प्रकार किंवा आकार निवडून यादी आणखी आवळता येते. डिस्क भरली असेल तेव्हा आकारामध्ये 'ह्यूज' निवडा, १ ते ४ जीबीच्या फाइल्स समोर येतील. जुने व्हिडिओ बहुधा तिथेच सापडतात.

बऱ्याच संगणकांवर सामान डी ड्राइव्हवर ठेवलेलं असतं. विंडोज मुळात फक्त तुमच्या खात्याच्या फोल्डरांची सूची बनवून ठेवतं, त्यामुळे डी ड्राइव्हवर शोध संथ चालतो आणि तोही फक्त नावांत. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली शोधाचं पान आहे, तिथे 'एनहान्स्ड' निवडलं की सगळा संगणक सूचीत येतो. पहिल्यांदा सूची तयार व्हायला वेळ लागतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा.

मराठी मजकुरापुरती एक अडचण आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, 'ठराव' लिहून शोधलंत तर तशा फाइलमधला 'ठराव' कधीच सापडणार नाही. सोसायटीचं, संस्थेचं किंवा ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर सांभाळणाऱ्यांनी अशा फाइल्सची नावं तरी युनिकोड मराठीत नीट लिहावीत. त्यांना पुन्हा गाठण्याचा भरवशाचा मार्ग तोच.

टॅब आणि कळा

ऑक्टोबर २०२२ पासून विंडोज ११ च्या एक्सप्लोररमध्ये ब्राउझरसारखे टॅब आले. कंट्रोल आणि टी दाबून नवा टॅब उघडा, एकात डाउनलोड्स ठेवा आणि दुसऱ्यात जिथे फाइल न्यायची तो फोल्डर. फाइल ओढून दुसऱ्या टॅबच्या शीर्षकावर क्षणभर धरलीत की तो टॅब उघडतो, मग आत सोडा. ओढणं जमत नसेल तर कंट्रोल-एक्सने फाइल उचलून कंट्रोल-व्हीने हव्या त्या जागी ठेवणं पुरेसं आहे, आणि माझ्या मते नव्या हातांना तेच जास्त सुरक्षित. ओढता ओढता बोट सुटलं आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडली तर लगेच कंट्रोल-झेड दाबा, ती जागेवर परत येते.

ऑल्ट आणि वरचा बाण एक पायरी बाहेर नेतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एन नवा फोल्डर बनवतं. राइट-क्लिकच्या नव्या मेनूत हवं ते सापडलं नाही तर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करा, जुना लांब मेनू येईल.

डिलीट आणि वनड्राइव्ह

विंडोज आता फाइल डिलीट करताना 'खरंच काढू का' असं विचारत नाही, फाइल सरळ रिसायकल बिनमध्ये जाते. रिसायकल बिनवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग'वर खूण करा. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल बिनमध्ये येत नाही, कायमची जाते. शिफ्ट दाबून डिलीट केलेलीही तशीच.

फाइलशेजारी निळा ढग दिसत असेल तर ती फक्त वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात आहे, इंटरनेट नसेल तर उघडणार नाही. पांढऱ्या गोलातली हिरवी खूण म्हणजे फाइल सध्या संगणकावरही आहे. भरीव हिरव्या गोलातली पांढरी खूण म्हणजे कायम इथेही ठेवलेली. प्रवासात लागणारी तिकिटं आणि ओळखपत्रं राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेवा. संगणकावरची जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, डिलीट नव्हे. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाइल ढगातूनही निघते, आणि फोनवरच्या ॲपमधूनही.

सी ड्राइव्ह भरत आला असेल तर डाउनलोड्स फोल्डर डी ड्राइव्हवर हलवता येतो: त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' टॅब, मग 'मूव्ह'. त्याआधी डी ड्राइव्हवर 'डाउनलोड्स' नावाचा रिकामा फोल्डर बनवा आणि तोच निवडा. थेट अख्खा डी ड्राइव्ह निवडू नका, नंतर ते निस्तरणं अवघड होतं.

वेगळी ॲप्स आणि मागे फिरण्याची वाट

महिनाभर वरचं सगळं वापरल्यावर आणखी हवंसं वाटलं तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत 'पॉवरटॉइज' आहे. त्यात शेकडो फाइल्सची नावं नियमाने बदलणारं 'पॉवररिनेम' आणि फाइल निवडून एका कळीत मोठी दाखवणारं 'पीक' मिळतं. फक्त नावाने झटपट शोधायचं असेल तर 'एव्हरीथिंग' हे छोटं मोफत ॲप फार वेगवान आहे. 'पॉवरटॉइज' मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आणि 'एव्हरीथिंग' त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. 'एक्सप्लोरर सुंदर करा' म्हणणारी आणि रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंद) बदलणारी साधनं नव्याने शिकणाऱ्यांनी टाळावीत, पुढच्या विंडोज अपडेटला ती बिघडली की दुरुस्त करायला कोणी भेटत नाही.

काही गडबड झालीच तर 'ऑप्शन्स'च्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'रिसेट फोल्डर्स' आणि 'रिस्टोअर डिफॉल्ट्स', आणि 'जनरल' टॅबमध्ये आणखी एक 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' आहे. त्यांनी फक्त मांडणी मूळपदावर येते, फाइल्स जिथल्या तिथे राहतात. एक्सप्लोरर मध्येच अडकून बसलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीतल्या 'विंडोज एक्सप्लोरर'वर राइट-क्लिक करा आणि 'रीस्टार्ट' निवडा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येईल.